मागे पंखा चालू आहे का?

रात्रीचा दीड. मघाशी धाकट्या भावाला डेमो पाठवला होता. त्याचं उत्तर आलं, "ताई, भारी झालंय. पण मागे पंखा चालू आहे का गं?"

पंखा बंद होता. खिडक्याही बंद होत्या. पाठीमागे दोन जाड पांघरुणं टांगून, घामाघूम होऊन गायले होते मी. त्याला जे ऐकू आलं ती माझ्या जुन्या जूनो-६० सिंथेसायझरची खरखर. खरखर म्हणणंही जरा जास्तच, नुसतं 'हिस्स' आहे ते.

रोलंडचा हा सिंथ १९८२चा. एका सुरामागे एकच ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारा भाग, त्यामुळे नुसता वाजवला तर आवाज किरटा येतो. त्याला अंग यावं म्हणून बनवणाऱ्यांनी आत कोरस बसवला. तोच आवाज काही मिलिसेकंद उशिरा, तोही किंचित डुलवत, मूळ आवाजात मिसळायचा. मग एकाच्या जागी दोन-तीन वाद्यं वाजताहेत असं वाटतं. हा उशीर करणाऱ्या चिपांना बकेट-ब्रिगेड म्हणतात. आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसा एकेक कप्पा आवाज पुढच्या कप्प्याकडे देतो. आता बादल्या हातोहात गेल्या की थोडं पाणी सांडणारच. ते सांडलेलं पाणी भावाला पंखा वाटलं.

सगळी संध्याकाळ मी ते पुसण्यात घालवली. सॉफ्टवेअरने हिस्स गेलं, आणि त्याच्यासोबत पॅडमधली, म्हणजे गाण्यामागे लांबवत ठेवलेल्या सुरांमधली, हवाही गेली. आवाज अगदी स्वच्छ झाला, इस्पितळातल्या फरशीसारखा. शेवटी सगळं 'अनडू' करून दोन तासांपूर्वी होते तिथेच येऊन बसले.

गाणं जिन्यातल्या दिव्याचं आहे. हालचाल दिसली की लागणारा आणि थोड्या वेळाने आपोआप विझणारा तो दिवा. एक बाई भांडून घराबाहेर आलीय, पायरीवर बसलीय. वर जायचं नाही, खालीही जायचं नाही. ती स्वस्थ बसली की दिवा विझतो.

जिन्यातला दिवा विझला
हात हलवला, लागला
एवढंच कुणाला तरी
कळलं मी इथे आहे

हे कडवं पहिल्या दिवशी आलं आणि तसंच राहिलं. खरा त्रास दुसऱ्याने दिला. त्यात होतं, 'वरचं दार किलकिलं झालं, उजेडाची रेघ पायरीवर आली.' कागदावर बरं दिसायचं. चार दिवस तेच गात होते आणि चारही दिवस तिथे आल्यावर गाणं खाली बसायचं.

आज कळलं का ते. जूनोच्या पट्ट्यांना दाब कळत नाही. हळू दाबा नाहीतर हातोडा घाला, आवाज तेवढाच. संगीतकार व्हँजेलिसने 'ब्लेड रनर' सिनेमासाठी जो यामाहा सीएस-८० सिंथ वाजवला त्यात प्रत्येक पट्टी दाबाला वेगळी दाद द्यायची. बोट जरा रुतवलं की तेवढाच एक सूर फुलायचा. माझ्याकडे ती चैन नाही. म्हणून उजवा हात सूर धरतो आणि डावा फिल्टरच्या स्लायडरवर असतो. जो काही जीव ओतायचा तो त्या बोटभर सरकपट्टीतून. दुसऱ्या कडव्याआधी मी ती पट्टी आठ बार, म्हणजे चार-चार ठोक्यांची आठ आवर्तनं, हळूहळू वर नेते. बंद दाराआडून आल्यासारखा गढूळ आवाज उघडत उघडत लख्ख होतो.

म्हणजे दार उघडलेलं होतंच! वर मी ते शब्दांतही सांगत होते. पडद्यावर पाऊस पडत असताना शेजारच्याने 'पाऊस पडतोय' म्हणावं, तसं. दोन्ही ओळी काढल्या. आता तिथे फक्त एवढंच आहे:

चप्पल एकच पायात
दुसरी शोधायची नाही

चाल बसेना, कारण अक्षरं कमी पडली. मग पडू दिली. रिकाम्या बारमध्ये पॅड लांबत राहतो.

तो लांबतो त्यातही गंमत आहे. या वाद्याला एका वेळी सहाच आवाज काढता येतात. रिलीज, म्हणजे पट्टी सोडल्यावर सूर विरायला लागणारा वेळ, लांब ठेवला आणि नवे सूर लावत गेलं की विरत चाललेल्या जुन्या सुरांची जागा काढून नव्यांना दिली जाते. सातव्याला जागा हवी तर आधीच्या कुणाचं तरी शेपूट तुटणार. सात सुरांवर वाढलेल्या माणसाच्या नशिबी सहाचं यंत्र! एका ठिकाणी ते तुटणं इतकं नेमकं पडलंय की मुद्दाम करायला गेले असते तर जमलं नसतं.

आणखी एक भांडण 'स'शी. 'पाऊस' हा शब्द शेवटाला लांबवायचा तर दोनच वाटा. 'पाऊसऽऽ' असा अ ओढला की लगेच भावगीत होतं, आणि 'स'वर थांबलं की मायक्रोफोनमध्ये साप सोडल्यासारखं वाटतं. खाली आधीच कोरसचं हिस्स. पाऊस काढून टाकला. गाण्यात आता पाऊस नाही, त्याने काही अडलंही नाही.

एका प्लेलिस्टवाल्या गृहस्थांनी कळवलंय की सुरुवात फार लांब आहे, गळा पंधरा सेकंदांच्या आत यायला हवा. मिनिटाला शंभर ठोक्यांच्या लयीत सोळा बार म्हणजे साधारण ३८ सेकंद. स्ट्रीमिंगवर ३० सेकंद ऐकलं की ऐकणं मोजलं जातं. म्हणजे मी तोंड उघडायच्या आधीच हिशेब पुरा! मला तर हे सोयीचंच वाटलं. त्यांना तसं लिहिलं नाही. 'विचार करते' असं लिहिलं, आणि विचार केला नाही.

पावणेतीन. शेवटचा टेक झाला. गाणं आणि वाजवणं एकदमच, कारण हे यंत्र मिडीच्या आधीचं; कुठली पट्टी कधी दाबली ते संगणकाला सांगायची ती सोय. बोटांची चूक नंतर माऊसने उचलून जागेवर बसवायची सोय नाही. दुसऱ्या कडव्यात उजवी करंगळी घसरून एक सूर उशिरा आला. राहू दे. शेवटचा कॉर्ड सोडला, स्लायडर पार खाली आणला. सूर संपले तरी हिस्स उरलंच होतं, रिकाम्या जिन्यात उरावं तसं. मी किती वेळ बसून राहिले कोण जाणे. मग कोरस बंद करायचं बटण दाबलं. 'टक'. गायचा मायक्रोफोन चालूच होता, त्याने ते टिपलं. पुढे शुद्ध शांतता.

ते कापायला माऊस नेला होता. नाही कापलं. तसंच भावाला पाठवलं.

तो जागाच होता. "आता बरंय," म्हणाला. "शेवटी उठून पंखा बंद केलास ना?"