अकरा पायऱ्या

अमेरिकेत, आयोवातल्या आमच्या गावात उंच असं तीनच गोष्टींना म्हणावं: धान्याचं कोठार, पाण्याची टाकी आणि लायब्ररीचं दार. बाकी सगळा सपाट मका. दाराला पायऱ्या अकरा. हा आकडा आईचा. मी पाच वर्षांत कधी मोजल्या नव्हत्या.

लायब्ररी कार्नेगीची. पोलादात गडगंज झालेल्या या माणसाने जगभर अडीच हजारांवर वाचनालयांना पैसे दिले. आयोवात सुरुवात फेअरफील्डपासून, १८९२ साली. त्याच वर्षी त्याच्या होमस्टेडच्या कारखान्यातला संप मोडला गेला, माणसं मेली. त्यामुळे दारावरचं त्याचं नाव वाचताना मन थोडं आखडतंच. पण त्याची अट मला आवडते. जागा गावाची, आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम गावानेच दरवर्षी खर्चायची. दहा हजार डॉलर घेतले, तर वर्षाला हजार. देऊळ बांधून देणारे पुष्कळ असतात. दिवाबत्तीचं तेल कोण घालणार, हे आधी लिहून घेणारा विरळा.

इमारतींचे नकाशे तपासायचा त्याचा सेक्रेटरी, जेम्स बर्ट्राम. मोठा चिकट गृहस्थ. एका टेबलावरून एकाच बाईला सगळी खोली दिसली पाहिजे, खिडक्या उंचावर हव्यात म्हणजे खाली कपाटं मावतील, असला त्याचा हिशेब. त्याच्या पत्रकात 'बिल्डिंग'च्या स्पेलिंगमधला 'यू'सुद्धा गाळलेला! (कार्नेगीला इंग्रजी शुद्धलेखन सोपं करायचं होतं. ऱ्हस्व-दीर्घाने गांजलेल्या मला हे फार जवळचं वाटतं.) तळघरातल्या सभागृहाला उजेड हवा, म्हणून तळघर अर्धं जमिनीच्या वर, आणि म्हणून पायऱ्या.

भारतातल्या आमच्या गावचं नगर वाचनालयही माडीवरच होतं. खाली किराणा, वर पुस्तकं; कादंबऱ्यांना हिंगाचा वास यायचा. पुस्तक काका आतून आणून देत, तेही त्यांना पटलं तर. इथे कपाटांत आपला आपण हात घालायचा. पहिले काही महिने मला उगीचच चोरी केल्यासारखं वाटे.

गेल्या उन्हाळ्यात आई आली. वय बहात्तर, गुडघे त्याहून म्हातारे. मी म्हटलं, मागे लिफ्ट आहे, तिकडून जाऊ.

"पहिल्यांदा येतेय मी. मागच्या दाराने कशाला?"

पदर खोचून, कठडा धरून, मोजत मोजत ती चढली. अकरा. वर पोचून तिने पितळी मूठ ओढली. पुन्हा ओढली. काचेवर आतून कागद चिकटवला होता: प्रवेश मागील बाजूने.

"काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"थोडा वेळ बसू म्हणतायत," मी म्हटलं, आणि आम्ही वरच्या पायरीवर बसलो.