तुम्ही विचारलंत म्हणून : युनियन नोंदवली, तरी मॅनेजमेंट बोलणीला का बसत नाही?

नाशिककडच्या सातपूर, अंबड, सिन्नर, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत हा प्रश्न ठरलेला. नोंदणीचं सर्टिफिकेट आलं, गेटवर बोर्ड लागला, नारळ फुटला. तरी एचआर मागणीपत्राची पोचसुद्धा देत नाही.

नोंदणी हा नुसता जन्मदाखला आहे. कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यातला लहान आकडा आणि किमान सात सभासद दाखवले की तो मिळतो. बोलणीचा हक्क येतो मान्यतेतून. राज्याच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात ५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, अर्जाच्या महिन्याआधीचे सलग सहा महिने ३० टक्के सभासद लागतात आणि अर्ज औद्योगिक न्यायालयात होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के जिच्याकडे, ती एकटी बोलते. कुणाकडेच नसतील तर युनियन्सची मिळून वाटाघाटी परिषद, आणि दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. म्हणून ३० झाले की हुश्श करू नका, ५१ पर्यंत जा.

आता खरी गोम : पावती पुस्तक. घोषणा कितीही दणदणीत असल्या तरी न्यायालयात उलटतपासणी होते ती या पुस्तकाची. सहा महिन्यांची वर्गणी एकाच दिवशी गोळा करून मागच्या तारखा टाकल्या की एकाच पेनाची शाई आणि उलटसुलट अनुक्रमांक वकिलाला पाच मिनिटांत दिसतात. पावतीवर ‘बाळू’ आणि मस्टरवर (हजेरीपटावर) ‘बाळासाहेब’, टोकन नंबर (कामगाराचा कंपनीतला क्रमांक) नाही, पुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतीवर सही नाही : अशा पावत्या गळत जातात आणि ३४ टक्क्यांचे २८ होतात. तेव्हा पगाराच्या आठवड्यात, महिन्याच्या महिन्याला, टोकन नंबरसकट पावती फाडा. कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांच्या आत झालीच पाहिजे आणि ठराव इतिवृत्तात उतरला पाहिजे. तशी अट १९७१ च्या कायद्यातच आहे. ठेकेदाराच्या मस्टरवरचे लोक कंपनीच्या टक्केवारीत धरून चालू नका, आणि अप्रेंटिस तर कायद्याने कामगारच नाही. लाइनवर निम्मे लोक असेच असतील तर मान्यता मिळूनही बाजू लंगडीच राहते. त्यांचा प्रश्न मागणीपत्रात घ्या. नुसती सहानुभूती दाखवून भागत नाही.

मागणीपत्राची एक प्रत आयटीआय सिग्नलजवळच्या उद्योग भवनात, कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. तिथला समेट अधिकारी निकाल देत नाही, हे आधीच समजून घेतलेलं बरं. तो दोघांना टेबलावर बसवतो. नव्या संहितेत त्याला ४५ दिवस आहेत, संपाची नोटीस असेल तर १४. समेट फिसकटला तर अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येतं. समेट चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा (सीएल) टाकली तर तोही संपच धरला जातो. ‘आम्ही फक्त सीएल टाकली’ हे आता चालत नाही. पण समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सगळ्या कामगारांना लागू होतो, नंतर भरती होणाऱ्यांनाही. दोघांनीच आपापसात केलेला करार सही करणाऱ्या बाजूंपुरता राहतो. एवढ्यासाठी तरी तिथल्या चार चकरा सोसाव्यात.

बोलणीत फसगत होते ती सीटीसीवर, म्हणजे कामगारामागे कंपनीला येणाऱ्या एकूण खर्चावर. ‘तीन वर्षांत ९,००० ची वाढ’, पेढे वाटले जातात. त्यातले पहिल्या वर्षी निम्मे, म्हणजे ४,५००. हे सीटीसीवर असतील, सगळे बेसिकमध्ये (मूळ पगारात) टाकले आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात असेल, तर कंपनीचा १२ टक्के पीएफ आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी त्यातूनच जाते. बेसिक वाढतं सुमारे ३,८५०. त्यातून कामगाराचा १२ टक्के पीएफ. हातात साधारण ३,३९०. पीएफ, ग्रॅच्युइटी वाया जात नाही, पैसा कामगाराचाच. पण गेट मीटिंगमध्ये ४,५०० सांगितलेले असले की पहिल्या स्लिपलाच युनियनवर शंका येते. हा हिशेब फळ्यावर आधी मांडा, सही नंतर.

आता मॅनेजमेंटची बाजू. मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्या छोट्या व्हेंडर कंपनीचा मालक मालाचा दर तिच्याशी आधीच बांधून बसलेला असतो, त्याला वाढ कुठून द्यायची हा प्रश्न खराच असतो. तो बहुतेक वेळा उत्पादनवाढ मागतो. ती द्यायला हरकत नाही, पण आकडा कसा मोजायचा हे करारात लिहून घ्या. आणि २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती हवीच : जास्तीत जास्त दहा जण, दोन्ही बाजूंचे समसमान, कामगारांतल्या प्रमाणात महिलाही. कॅन्टीन, बूट, ओव्हरटाइमच्या तक्रारी तिथे मिटल्या तर करार दर वेळी चिडक्या हवेत होत नाही.

उत्पादनाचं कलम लिहिताना बंद वेळेचं कोष्टक जोडा. लाइट गेली, टूल तुटलं, माल आला नाही, आधीच्या ऑपरेशनवर काम अडलं : ही मिनिटं कोणाच्या खाती? पाळी संपताना सुपरवायझर आणि ऑपरेटर, दोघांची सही त्याच शीटवर. हे कोष्टक नसेल तर पहिल्या तिमाहीतच ‘टार्गेट दिलं नाही’ म्हणून इन्सेन्टिव्ह अडकतो आणि मागणीपत्र पुन्हा पहिल्या पानावर येतं.