पाच सेंटिमीटरची कड

गुरुवार, २१ ऑगस्ट

आज दुपारी माझ्या बॅटरीवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीतून (व्हीलचेअर) बँकेतून परत येताना जे घडले ते तपशील पुसट होण्याआधी लिहून ठेवते. अर्धा तास पाऊस पडून नुकताच थांबला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पदपथावर चढण्यासाठी जो एकुलता एक उतार आहे, त्याच्या नेमका समोर एक टेम्पो उभा होता आणि चालक कुठे दिसत नव्हता. दहा पावलांवर पदपथाची कड बरीच खचलेली आहे हे मला ठाऊक होते, म्हणून मी तिकडे वळले. तिथे पाणी साचल्यामुळे कड प्रत्यक्षाहून कमी उंच वाटली आणि रस्ता अरुंद असल्याने मी तिला तिरकी भिडले. उजवे पुढचे चाक वर गेले, डावे पाण्यातच राहिले, खुर्ची डावीकडे कलली आणि घाबरून मी जॉयस्टिक, म्हणजे खुर्ची चालवण्याची दांडी, सोडून दिली.

चार वर्षे ही खुर्ची वापरणाऱ्या माझ्यासारखीने करू नये अशा सगळ्या गोष्टी त्या काही क्षणांत माझ्या हातून झाल्या. जॉयस्टिक सोडताच मोटरचे ब्रेक आपोआप लागतात. सपाट जागी हेच आपले संरक्षण असते, पण चढणीच्या मध्यावर खुर्ची एकदम थांबली की तिचा सगळा भार मागे किंवा कललेल्या बाजूला जातो. बॅटऱ्यांसकट माझी खुर्ची साठ किलोंच्या वर आहे. तीत बसलेल्या माणसासह ती कलंडली, तर हाताने सावरणे कोणालाही शक्य नाही. कमरेचा पट्टा बांधलेला होता, एवढेच एक काम मी नीट केले होते.

महाविद्यालयात जाणारी दोन मुले धावत आली. "काकू, उचलू का आम्ही?" असे विचारत एकाने हाताच्या टेकूला हात घातलासुद्धा. हा टेकू काढता-घालता येतो, म्हणजे ओढला तर तो त्याच्या हातात येईल आणि खुर्ची आणखी कलेल. मी त्याला म्हटले, "उचलू नका. एकाने मागच्या दोन्ही मुठी घट्ट धरा आणि दुसऱ्याने डाव्या बाजूला उभे राहून खालच्या लोखंडी चौकटीला आधार द्या." त्यांनी तसे केल्यावर मी वेग सर्वांत कमी केला आणि चाके सरळ ठेवून हळूहळू मागे रस्त्यावर आले. टेम्पोचा चालक आल्यावर त्याने गाडी पुढे घेतली आणि मी उतारावरून घरी पोहोचले. दोन्ही मुलांनी माझे ऐकून घेतले आणि घाई केली नाही, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

संध्याकाळी खुर्चीची पुस्तिका पुन्हा काढून वाचली. माझ्या खुर्चीची कड चढण्याची मर्यादा पाच सेंटिमीटर आहे. याउलट, पादचाऱ्यांच्या सोयींविषयीच्या इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथाची कड पंधरा सेंटिमीटरपर्यंत उंच असू शकते. म्हणजे नियमात काटेकोर बसणारी कडसुद्धा माझ्या क्षमतेच्या तिप्पट असू शकते. म्हणून 'पदपथ नियमाप्रमाणे आहे' या उत्तराने माझे समाधान होत नाही. तिथे उतार आहे का, आणि तो मोकळा आहे का, एवढेच मला विचारायचे असते. बारा सेंटिमीटर लांबीमागे एक सेंटिमीटर चढ या प्रमाणाने पंधरा सेंटिमीटरच्या कडेला एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. पुण्यातच मी जेमतेम साठ सेंटिमीटर लांबीत ओतून दिलेले सिमेंटचे उतार पाहिले आहेत. त्यांचा चढ एकास चार पडतो आणि तिथे खुर्ची मागे उलटण्याची भीती खरी असते. जंगली महाराज रस्त्यावरच्या रुंद पदपथावरून मी एकटी निश्चिंत जाते. तिथून आतल्या गल्लीत वळले की हिशेब सुरू होतो.

उतार चांगला असला तरी त्याच्या पायथ्याशी रस्ता आणि सिमेंट जिथे मिळतात तिथे पाहावेच लागते. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की ती पातळी बदलते आणि दोन-तीन सेंटिमीटरची खाच तयार होते, किंवा तिथेच पावसाळी गटाराची जाळी असते. पुढची लहान चाके अशा ठिकाणी अडकतात आणि पायाची पाटी आपटते. पाणी साचलेले असेल, तर ती जागा मला दिसतच नाही. यापुढे साचलेल्या पाण्यातून कड चढायची नाही, मग पलीकडच्या चौकापर्यंत जावे लागले तरी चालेल.

चढताना दोन्ही पुढची चाके एकाच वेळी कडेला टेकली पाहिजेत, म्हणजे खुर्ची कडेशी काटकोनात हवी. पाठ सरळ, अंग थोडे पुढे, वेग कमी पण सलग, आणि मागची चाके वर येईपर्यंत जॉयस्टिकवरचा हात स्थिर. उतरताना माझ्या खुर्चीला पुढे तोंड करून, पाठ टेकून, अगदी सावकाश जावे लागते. काही खुर्च्या उलट्या उतरवायला सांगतात, कारण मोटरची चाके पुढे, मध्ये की मागे आहेत यावर तोल ठरतो. त्यामुळे कोणाच्या सांगण्यापेक्षा आपल्या खुर्चीची पुस्तिका मानावी. मदतनिसाला ढकलता यावे म्हणून मोटर चाकांपासून सुटी करणारी कळ उतारावर कधीही फिरवायची नाही, कारण त्या अवस्थेत ब्रेक लागतच नाहीत. हे सारे मला फिजिओथेरपिस्टने पहिल्याच आठवड्यात शिकवले होते.

गणपती सहा दिवसांवर आले आहेत. मांडवाचे खांब उभे राहू लागले आहेत आणि दोन उतार त्यांच्या आड जाणार हे मला दिसते आहे. मंडळातली मुले ओळखीची आहेत. उद्या सकाळी भाचीला बरोबर घेऊन, पाच सेंटिमीटरवर खूण केलेली लाकडी पट्टी हातात धरून, घरापासून दवाखान्यापर्यंतची प्रत्येक कड मोजायची आणि तो कागद मंडळात नेऊन द्यायचा असे ठरवले आहे. एक मीटर रुंदीची वाट सोडली तरी माझी खुर्ची जाते. बॅटरी रात्री चार्जिंगला लावली आहे.