दहाची जुडी

दुसरीतल्या पोराला २७ मध्ये ५ मिळवायला सांगितले की बरीच पोरं बिनधास्त २१२ लिहून मोकळी होतात. सात नि पाच बारा, ते बारा लिहिले, राहिलेले दोन तसेच खाली आणले, संपलं. मोठी माणसं हसतात किंवा ओरडतात, पण मला ते उत्तर फार आवडतं, कारण त्यात चुकीचं असं जवळजवळ काहीच नाहीये, बेरीज बरोबर, आकडे बरोबर, फक्त बारातला तो १ म्हणजे एक नाही तर दहा आहे आणि त्याचं घर शेजारचं आहे, हे अजून पोराच्या गावीच नाही.

मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे, त्यांच्याकडे शिकलेल्या कॉन्स्टन्स कामी या बाईंनी यावर एक साधी परीक्षा लिहून ठेवलीय, घरी करून बघा. सोळा चिंचोके मांडायचे, कागदावर १६ लिहायचं, ६ वर बोट ठेवून विचारायचं, हे किती ते चिंचोक्यांत दाखव. पोर सहा बाजूला काढतं. मग १ वर बोट ठेवायचं. पोर एक चिंचोका उचलतं! उरलेल्या नऊंचं काय, तर काही नाही, ते आहेत आपले पडलेले. आणि हेच पोर वर्कशीटवर ‘१६ = १ दशक ६ एकक’ अगदी सुवाच्य भरून देतं आणि त्याला स्टार पण मिळतो.

माझी भाची दुसरीत आहे, संध्याकाळचा अभ्यास बऱ्याचदा माझ्याच गळ्यात असतो, त्यामुळे आमच्याकडे सध्या खराट्याच्या काड्यांचा ढीग आहे. दहा मोजायच्या, रबरबँड लावायचा, झालं एक दशक, उरल्या त्या सुट्या. झेडपीच्या शाळांत गणितमाळ असते, तिच्यातही दर दहा मण्यांनी रंग बदलतो, गंमत तीच. जुडीचं बरं असतं, ती फसवत नाही, हातात भरते, संशय आला तर सोडून मोजता येते, आणि भाची दर वेळी मोजतेच, दहाच आहेत ना म्हणून. मोजू द्यावं. आपल्याला वाटतं अगं आत्ताच तर बांधलीस, पण ही एक पण आहे आणि दहा पण आहे हे एकाच वेळी डोक्यात धरायचं म्हणजे काय खायचं काम आहे का.

खरी गोची नोटेपाशी होते. रुपयाची दहा नाणी दे आणि ही दहाची नोट घे, असा खेळ मांडला की तिला तो सरळ सरळ तोट्याचा धंदा वाटतो, खुळखुळणारी नाणी द्यायची आणि बदल्यात एक मळका कागद घ्यायचा! जुडीत निदान दहा काड्या दिसतात तरी, नोटेत काय दिसतं? तिथले दहा हे सगळ्यांनी मिळून नुसतं कबूल केलेलं आहे. आणि लिहिलेला आकडा तर त्याच्याही पुढचा. २२ मधले दोन्ही २ हुबेहूब सारखे, ना एक जाड ना एक रंगीत, तरी डावीकडचा वीस आणि उजवीकडचा दोन, का तर तो तिथे बसलाय म्हणून. आपण काय करतो, पोराला जुडीवरून उचलून थेट इथे आणून बसवतो आणि वर म्हणतो, लक्ष नसतं हिचं.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात याला झकास दाखला आहे. रेघ तीच, पण शंभराच्या जागी शंभर, दहाच्या जागी दहा, एकाच्या जागी एक, जशी बाई एकच पण कुणाची आई, कुणाची मुलगी, कुणाची बहीण. भाचीला हे लगेच पटलं. मजा म्हणजे तिथे विषय गणिताचा नाहीच, दुसरंच काहीतरी समजावणं चाललंय, म्हणजे वाचणाऱ्याला अंकाच्या जागेची भानगड ठाऊक आहेच असं धरून हा दाखला दिलाय. आर्यभटानेही इ.स. ४९९ च्या सुमारास जागेगणिक दहापट, हे श्लोकात बसवून टाकलं. दीड हजार वर्षं मुरलेली गोष्ट, आणि आमची अपेक्षा काय तर गुरुवारच्या तासाला कळावी, शुक्रवारी टेस्ट.

त्यात मराठीची स्वतःची भर. पंचवीस म्हटलं की आधी पाच कानावर येतो, मग पोरं ५२ लिहितात, आणि एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतं नि लिहायचे दोनावर नऊ. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ, थेट विधानसभेपर्यंत, बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना परत परत सांगावं लागलं की बाबांनो, मुलांना सोपं जावं म्हणून आहे हे. विनोद मात्र चिक्कार झाले. मला स्वतःला बावन्न, त्रेपन्न सोडवत नाहीत, पण शिकताना काही दिवस पन्नास दोन म्हटलं तर काय बिघडतं? कन्नडमध्ये वीस-तीन याच क्रमाने म्हणतात, जर्मनमध्ये आपल्यासारखं उलटं, पोरं दोन्हीकडे शिकतातच की.

सध्या हातच्याची वजाबाकी चालू आहे. ३२ मधून ८ काढायचे. तीन जुड्या, दोन सुट्या, आठ देणार कुठून? मग एका जुडीचा रबरबँड काढायचा, बारा सुट्या झाल्या, आठ दिल्या, चार राहिल्या, जुड्या दोन, म्हणजे चोवीस. काड्यांवर चारदोन वेळा झालं की सांगावं लागत नाही, हात आपोआप रबरबँडकडे जातो. वहीत मात्र शेजारच्याकडून एक उसना घे असं शिकवलंय, तीनवर काट मार, वर दोन लिही. परवा तिने काट मारली, दोन लिहिला, उत्तरही बरोबर आणलं, पेन्सिल खाली ठेवली आणि मला विचारलं, “मावशी, पण तो एक परत कधी द्यायचा?”