डिंकाच्या लाडवांना उशीर होतो

मला मधुमेह असल्याचे निदान झाले तेव्हा माझे वय ३६ होते आणि वजन जेमतेम ५१ किलो. डॉक्टरांनी विचारले, "जन्माच्या वेळी तुमचे वजन किती होते?" मी आईला फोन केला. ती म्हणाली, "तेव्हा काट्यावर कोण घालत होतं, बाई? सुईण म्हणाली, मूठभर आहे, पण रडते खणखणीत." आठव्या महिन्यापर्यंत ती खुरपणीला जात होती आणि घरातल्या सर्वांची पाने उठल्यावर उरेल ते खात होती. पोटुशी बाईने जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन अडते, असे तिला सासरी बजावले गेले होते.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत ज्या बायकांचा अभ्यास सुरू केला, त्या माझ्या आईसारख्याच होत्या : शेतात राबणाऱ्या, सरासरी ४२ किलोच्या आसपास वजनाच्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची सुमारे साडेतीन किलोची. पण नुसत्या वजनापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान असले, तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बाळ दिसायला किडकिडीत, पण आतून चरबीचे. पोषण अपुरे पडले की गर्भ आधी मेंदू सांभाळतो आणि त्याची किंमत स्नायू, मूत्रपिंड व स्वादुपिंड यांना मोजावी लागते. पुढे त्याच देहाला भरपूर अन्न आणि बैठे काम मिळाले की साखर वाढते. माझ्या ५१ किलोंचा अर्थ मला तेव्हा उमगला.

या अभ्यासात बाळाच्या आकाराशी आईच्या एकूण उष्मांकांचा फारसा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो पालेभाज्या, फळे आणि दूध तिच्या जेवणात किती वेळा येते याच्याशी. ज्या कष्टाची कामे अधिक करत, त्यांची बाळे लहान होती. सुमारे दोन-तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते आणि आपल्याकडे घरातल्या सुनेच्या वाट्याला यांतले बहुधा शेवटी येते. ज्या मातांमध्ये फोलेट (फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांतून मिळणारे जीवनसत्त्व) भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांच्या शरीराचा रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला होणारा प्रतिसाद सहाव्या वर्षीच सर्वांत मंद आढळला. (म्हणून फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सोडू नयेत, बाळाच्या मज्जारज्जूसाठी त्या आवश्यकच आहेत. सोबत बी-१२ तपासून घ्यावे, एवढेच.)

मग खायला घालायचे कधी? मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ देऊन पाहण्यात आले. सरसकट सर्व बाळांचे वजन लक्षणीय वाढले नाही. पण ज्यांनी किमान तीन महिने आधी सुरुवात केली होती, त्यांची बाळे सरासरी ५० ग्रॅमच्या आसपास अधिक भरली. शिवाय गरोदरपणातील मधुमेह इतर बायकांमध्ये सुमारे १२ टक्के होता, तो हा खाऊ खाणाऱ्यांमध्ये ७ टक्क्यांच्या आसपास आढळला.

बाळाचे अवयव घडू लागतात ते पहिल्या काही आठवड्यांत, अनेकदा अंगणवाडीत नाव नोंदवण्याच्याही आधी. आपण मात्र डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतो आणि डिंकाचे, अळिवाचे लाडू बाळंतपणानंतर वळतो. त्या लाडवांमागची माया खरी आहे. मला ती फक्त आधी हवी आहे. आईला मी कधीही दोष देणार नाही, कारण तिच्या पानात काय पडावे हे ती ठरवत नव्हती.

माझी भाची १७ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिचे बी-१२ तपासले, ते बरेच कमी निघाले. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आहेत, आणि आता वहिनी तिला भावाच्या आधी जेवायला वाढते.