मागचा भालदार

दुपारची जेवणं झाली की आई निवडायची भाजी घेऊन टीव्हीसमोर बसते आणि मी तिच्या मागे सतरंजीवर आडवा होतो. नातवाने तिला जुन्या मालिका लावून दिल्यात, थांबवायचं बटणही शिकवलंय. परवा 'स्वराज्यरक्षक संभाजी' चालू होती. दरबार भरलेला, राजांचा आवाज चढत चाललेला, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांत शिरत चाललेला, खाली ढोल. आणि मला दिसला तो त्यांच्या खांद्यामागचा भालदार. जरासा धूसर. त्याने हळूच डाव्या पायावरचा भार उजव्या पायावर घेतला.

"बघितलंस?"

"काय?"

"त्याने पाय बदलला."

आईने मागे वळूनही बघितलं नाही. "तुझं आपलं काहीतरीच," म्हणाली आणि मेथीची जुडी सोडायला घेतली.

काहीतरीच खरं, पण हे खूळ जुनं आहे. ऐतिहासिक असो की पौराणिक, मालिका लागली की माझी नजर सिंहासनावर टिकत नाही. ती मागे जाते. चवरी ढाळणारी, अब्दागिरी धरणारा, दाराशी भाले आडवे करून उभे असलेले दोघे. राजा येतो, भाले सरळ होतात. राजा जातो, भाले पुन्हा आडवे. फितुरी, मसलत, खलबत सगळं त्यांच्यादेखत चालतं. 'एकांत!' असा हुकूम सुटला तरच बिचारे बाहेर जातात, आणि तेव्हाही कुणी तरी एक राहतोच.

याची सुरुवात आम्हा दोघा भावांच्या रविवारांपासून. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या काकूंकडे होता. कृष्णधवल, लाकडी शटरचा. 'रामायण' 1987 च्या जानेवारीत सुरू झालं तेव्हा काकू आधी टीव्हीला हळदकुंकू वाहायच्या, मग शटर उघडायच्या. पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं, दारात मोलकरीण आणि खिडकीत दूधवाला. पडद्याला मुंग्या आल्या की भाऊ गच्चीवर अँटेना फिरवायला पळायचा. "आलं का?" "आलं आलं! गेलं!" राम-रावण युद्धाचा बराचसा भाग त्याने गच्चीवरून असाच ऐकला. त्याने काही चुकवलं असं मला वाटत नाही. एक बाण इकडून निघायचा, एक तिकडून, दोघे सावकाश हवेत भेटायचे, ठिणगी उडायची आणि आपापल्या वाटेने विझायचे.

रावणाचे पहारेकरी गलमिशावाले, पोट सुटलेले असायचे. 'महाभारता'त पहारेकरी होतेच, पण तिथे निवेदन करणाऱ्या 'समय'चा आवाज एवढा भरून राहायचा की मागे कोण उभं आहे याकडे लक्षच जाऊ नये. त्या मालिकेने आमच्या घराचं एकच नुकसान केलं: भाऊ मला वर्षभर 'अनुजश्री' म्हणत होता. 'चाणक्य' लागली तेव्हा मात्र चमकलो. शेंड्या, उघडी अंगं, दागिने बेताचेच, आणि माणसं एवढ्या हळू बोलायची की काकूंनी सेटचा कान पिळून आवाज वाढवला. तिथले सैनिकसुद्धा विचार करत उभे असल्यासारखे वाटायचे. माझ्या मते या सगळ्यांत खरी मालिका तीच. आजीला ती पाच मिनिटंही झेपली नाही.

आजीची खरी पंचाईत केली ती 'भारत एक खोज'ने. दिग्दर्शक श्याम बेनेगलांनी पाच हजार वर्षांचा इतिहास 53 भागांत आणि मोजक्या नटांत बसवलेला. अशोक ओम पुरी. पुढे चितोडला वेढा घालणारा अलाउद्दीनही ओम पुरी. महाराजांच्या भागात नसीरुद्दीन शाह महाराज झाले आणि समोर औरंगजेब म्हणून पुन्हा ओम पुरी. आजीने पदर तोंडाला लावला. "अगो, हा मेला मरत कसा नाही?" आम्ही तेव्हा हसलो. पण तिचं काय चुकलं? राज्यं बदलली तरी दरबारात माणसं तीच, हे तिला आमच्याआधी कळलं होतं.

आईचंही तसंच. 2008 मध्ये 'राजा शिवछत्रपती' लागायची तेव्हा अमोल कोल्हे दिसले की ती भाजी परतायची थांबून उभी राहायची. नऊ वर्षांनी तेच कोल्हे संभाजीराजे होऊन आले आणि महाराज झाले शंतनू मोघे. पहिला महिनाभर आईचा गोंधळ. "महाराज कोणाला मुजरा करतायत?" मग म्हणाली, "असू दे, लेक बापासारखाच दिसायचा." प्रश्न मिटला.

मुजऱ्यावरून आठवलं. आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी चोपदार होतो. महाराज अर्थातच वर्गातला पहिला नंबर. माझ्या हातात सोनेरी कागद चिकटवलेला वेळू, ओठावर काजळाची मिशी आणि एकच वाक्य: "महाराज, वकील आले आहेत." वाक्य झकास झालं. पुढे तीन वेळा मुजरा करून, पाठ न दाखवता, मागे मागे सरकत विंगेत जायचं होतं. सरांनी पन्नास वेळा बजावलेलं, महाराजांना पाठ दाखवायची नाही. मी नाही दाखवली. मागे मागे गेलो तो थेट रायगडावर. खोक्यांचा, गेरू फासलेला रायगड आधी डुगडुगला, मग एक बुरूज माझ्या डोक्यावर आणि नगारखाना वकिलाच्या अंगावर. टाळ्या मात्र त्या वर्षी सगळ्यांत जास्त आम्हालाच. वेळू मी शेवटपर्यंत सोडला नव्हता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हापासून कुठल्याही दरबारात कुणी मागे चालायला लागला की माझ्या मानेवर काटा येतो.

मध्यंतरी पुतण्याच्या नादाने तुर्की 'एर्तुग्रुल' बघितली. घोडे फार सुंदर. काई जमातीकडे गड नाही, सिंहासन नाही, नुसते लोकरी तंबू. म्हटलं, इथे तरी सुटलो. पण तंबूच्या तोंडाशी दोघं उभे होतेच. भाषा परकी, टोपी परकी, उभं राहणं तेच. छाती पुढे, नजर समोरच्या कुठल्याच गोष्टीवर नाही.

आपल्याकडच्या नव्या मालिकांत मागच्या माणसाचं काम आणखी कठीण झालंय. एका वाक्यावर कॅमेरा दरबारातल्या प्रत्येक चेहऱ्यावर तीन-तीनदा जाऊन येतो. तेवढा वेळ त्याने पापणी न हलवता उभं राहायचं. मंदिलाखाली घाम, भाला लाकडी असला तरी तासाभरात लोखंडाचा होतो. वेळूचाही झाला होता.

एक सांगायचं राहिलं. 1990 मध्ये संजय खानची 'द सोर्ड ऑफ टिपू सुलतान' सुरू झाली. पहिल्याच रविवारी बाबा आमच्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हिच्या सेटवर माणसं जळाली." 8 फेब्रुवारी 1989 ला म्हैसूरच्या प्रीमिअर स्टुडिओत चित्रीकरण चालू असताना आग लागली. भिंतींना गोणपाट ठोकलेलं होतं म्हणे. 62 जण गेले. स्वतः संजय खान होरपळले, कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या, आणि उठून त्यांनी मालिका पुरी केली. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत. बासष्टांतलं एकही मला माहीत नाही, तेव्हाही नव्हतं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. टिपूचा दरबार भरला की दाराशी उभ्या प्रत्येकाकडे बघायचो आणि ठरवायचो, हा वाचला असेल, हा वाचला असेल. सगळ्यांना वाचवेपर्यंत प्रसंग बदललेला असायचा. टिपू काय बोलला ते मला आजही सांगता येणार नाही.

हे मी आईला परवा सांगितलं. ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. पडद्यावर राजे संगमेश्वराकडे निघायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. आईची ही मालिका दोन वेळा बघून झाली आहे आणि दोन्ही वेळा ती इथेच थांबली आहे. पुढचं तिला माहीत आहे, आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे. तिने रिमोट उचलून बटण दाबलं, मेथीची ताटली घेतली आणि चहा टाकायला आत गेली.

पडद्यावर राजांचा हात अर्धा वर. मागे माझा भालदार, डोळे अर्धे मिटलेले. नेमका पापणी लवताना सापडला होता.

आतून आईने विचारलं, "साखर घालू का तुला?"

"घाल," म्हटलं. तो तसाच उभा होता.