न दुखणारे गळू

काटोलजवळच्या संत्र्याच्या बागेत चाळीस वर्षे उन्हातान्हात वावरलेले माझे काका गेल्या मार्चमध्ये नागपूरला आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या उजव्या गालावर वाटाण्याएवढी, गुळगुळीत, लालसर-जांभळी गाठ होती. गावातल्या डॉक्टरांनी ती गळू समजून अँटिबायोटिक दिले होते. तो कोर्स संपल्यावर इथल्या एका दवाखान्यात दुसरे अँटिबायोटिक आणि मलम मिळाले. काकूंनी हळदीचे पोटीसही बांधून पाहिले. गाठ पिकली नाही, फुटली नाही. पाच आठवड्यांत मात्र बोराएवढी झाली.

“दुखत तर नाही ना, मग कायले एवढी घाई?” काका म्हणायचे, आणि आम्हालाही ते पटायचे.

वास्तविक तेच खटकायला हवे होते. गळू असते तर जागा गरम लागली असती, ठसठसली असती, तिने पू धरला असता आणि लागू पडणाऱ्या औषधाने ती काही दिवसांत उतरू लागली असती.

त्वचारोगतज्ज्ञांनी तुकडा काढून तपासायला सांगितला, तेव्हा काकू अडून बसल्या, कारण सुरी लागली की रोग पसरतो, असे त्यांनी ऐकले होते. तुकडा काढल्याने नव्हे, तर तो न काढता थांबल्याने रोगाला वेळ मिळतो, हे डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावले. अहवालात मर्केल सेल कार्सिनोमा निघाला. त्वचेचा हा कर्करोग दुर्मीळ असला तरी लवकर लसिकाग्रंथींत, म्हणजे जबड्याखाली, मानेत असतात तशा छोट्या ग्रंथींत, पोहोचतो, आणि वय पन्नाशीच्या पुढे असणे, त्वचेने वर्षानुवर्षे ऊन सोसलेले असणे किंवा प्रतिकारशक्ती दबलेली असणे यांमुळे त्याचा धोका वाढतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या १९५ रुग्णांच्या अमेरिकन अभ्यासात ८८ टक्के गाठी दुखऱ्या नव्हत्या, आणि निम्म्याहून अधिक गाठी तुकडा तपासण्यापूर्वी साध्याच समजल्या गेल्या होत्या.

आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत हा रोग फारच कमी दिसत असल्याने गावातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पहिल्या औषधाचा उपयोग झाला नसताना निदानाचा फेरविचार न करता दुसरे औषध लिहिले गेले, याचा राग मात्र अजून जात नाही.

शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झाले. आता काका दर तीन महिन्यांनी तपासणीला येतात, आणि मधल्या काळात काकूच रोज सकाळी त्यांचा जबडा आणि मान बोटांनी चाचपून पाहतात.